जमीन, पाणी आणि मासळी यांची मालकी कोणाकडे असली म्हणजे त्यांचा सांभाळ नीट होतो?

आपण विचारले आहे की नैसर्गिक साधनसंपत्ती खासगी मालकांच्या हाती दिल्यास अधिक चांगली जपली जाते की सरकारच्या ताब्यात ठेवल्यास, आणि गावाची सामाईक मालकी आजच्या काळात चालू शकते का. मी गोव्यातला, कुळाच्या घरातला माणूस आहे आणि आमची भातशेती खाजनात आहे, म्हणून उत्तरही खाजनावरूनच देतो. माझे मत असे की मालक कोण हा प्रश्न दुय्यम आहे. उत्पन्न घेण्याचा हक्क आणि दुरुस्तीचा भार एकाच हाती आहेत की त्यांची फारकत झाली आहे, हे आधी पाहावे लागते.

खाजन म्हणजे मांडवी, जुवारी यांसारख्या नद्यांच्या काठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून मिळवलेली सखल जमीन. तिची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते. तिला राखतो तो माती, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध, आणि त्या बांधापुढे उभी असलेली खारफुटी लाटांचा मार आधी आपल्या अंगावर घेते. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारा दरवाजा, असते. भरती आली की पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात मातीतला खार धुऊन जातो व कोरगुटासारखे खार सोसणारे भात पिकते; कापणीनंतर बेताने खारे पाणी आत घेतले जाते, त्याबरोबर मासळी व सुंगटे, म्हणजे कोळंबी, येतात, आणि मानशीवर जाळे लावून ती धरण्याचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो. कोणाचे शेत बांधाला लागून असते, कोणाचे बरेच आत. पण बांध फुटला की दोघांचेही बुडते. अशा जमिनीत कितीही कष्टाळू माणसाला आपल्यापुरते शेत वाचवता येत नाही, आणि मालकीचा सगळा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

पूर्वी ही व्यवस्था गावकारीकडे, म्हणजे गावकार घराण्यांच्या सामाईक संस्थेकडे, होती, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव मिळाले. तिच्या चालीरीती १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, लिहून घेतल्या गेल्या, म्हणजे ती पोर्तुगिजांच्या आधीची आहे. जमीन गावकारीची असे, ती ठरावीक मुदतीने पावणीत कसायला दिली जाई, आणि आलेल्या पैशांतून बांध, मानस, देवस्थान व गावचे इतर खर्च भागल्यावर उरलेली रक्कम गावकारांना जोण म्हणून मिळे. बांधाचा खर्च आधी आणि वाटणी नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला जोण हवी त्याला बांध धड ठेवणे भाग होते.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. गावकारपण पुरुषांच्या वंशपरंपरेने येई, बायकांना त्यात स्थान नव्हते, आणि गुडघाभर चिखलात उभे राहून बांधाला माती लावणारी माणसे बहुतेक वेळा गावकार नसतच. त्यांच्या वाट्याला जोण आली नाही. म्हणून १९६४ चा कूळ कायदा आणि त्यात १९७६ साली झालेली दुरुस्ती, जिने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले, यांना मी न्यायाची पावले समजतो. आमच्या घराला त्या दुरुस्तीने जे दिले ते परत घ्यावे असे कोणी म्हणाले तर मी विरोध करीन.

पण शेतीच्या तुकड्याची मालकी कुळाकडे आली तशी बांधाची जबाबदारी आली नाही. १९७५ च्या नियमांनी बांध व मानशी यांची देखभाल ही कुळांची संयुक्त जबाबदारी ठरवली, त्यासाठी कुळांच्या संघटना झाल्या आणि मानशीची पावणीही त्यांच्याकडे गेली. कागदावर ही गावकारीचीच नवी, अधिक न्याय्य आवृत्ती होती. प्रत्यक्षात शेती करणारे कमी झाले, मुले नोकरीला आणि परदेशी गेली, आणि भाताचे उत्पन्न मजुरीलाही पुरेना. पावणीची रक्कम मात्र रोख येते आणि सभासदांत वाटता येते. मग ज्याने वर्षानुवर्षे शेत पेरलेले नाही त्याला खारे पाणी जास्त दिवस आत राहिले तर नुकसान काय? पावणी घेणाऱ्याला तर ते हवेच असते. त्याचा हक्क मुदतीपुरता असल्यामुळे बारीक मासळी सोडून द्यावी किंवा दारे वेळेवर मिटावीत असे त्याला वाटण्याचे काही कारण नसते. शेवटी ज्याचे भात उभे आहे तो एकटा पडतो. त्याच्याकडे पक्की कागदपत्रे असतात, पण शेतात आलेला खार तो त्या कागदांनी अडवू शकत नाही. एकदा खार मुरला की काही हंगाम तरी तिथे धड पीक येत नाही, पडीक शेतात खारफुटी वाढते, आणि मग तिथे भराव टाकून काही बांधायला हरकत काय, असे विचारणारे लोक येतात.

२००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी मालकी ही एकसंध गोष्ट न मानता हक्कांची जुडी मानली: आत जाण्याचा हक्क, उत्पन्न काढण्याचा, व्यवस्था ठरवण्याचा, इतरांना रोखण्याचा आणि विकण्याचा. खाजनाकडे या नजरेने पाहिले की गफलत नेमकी दिसते. कुळ कायद्याने शेताचे हक्क ज्याच्या त्याला दिले, पण पाणी केव्हा आत घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क एका समूहाकडे राहिला, ज्यातल्या अनेकांचा पिकाशी आता संबंध नाही.

सरकारी मालकीबद्दल म्हणाल तर गोव्याच्या खाणींकडे पाहा. पोर्तुगीज काळातले कायमचे परवाने १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे मुदतीचे पट्टे झाले, आणि खनिज राज्याचे मानले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले की त्या पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती. म्हणजे मधली वर्षे राज्याच्या मालकीचा माल वैध पट्ट्याशिवाय उपसला जात होता आणि मालकाने तो थांबवला नाही. त्याच निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले, जेणेकरून पुढच्या पिढीचा वाटा शिल्लक राहावा. खनिज पुन्हा उगवत नाही, त्यामुळे हा निधीचा विचार मला योग्य वाटतो. पण डिचोली, सांगे भागातल्या ज्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, ती शेते खासगी मालकीची होती, आणि त्या मालकीने गाळ अडला नाही.

समुद्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे कुंपण घालता येत नाही. ट्रॉलर आले तेव्हा रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, सत्तरच्या दशकात आंदोलन केले, आणि १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातून किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद करण्याची वाट मिळाली. रापणकारांना समुद्राची मालकी मिळाली नाही. इतरांना एका हद्दीबाहेर ठेवण्याचा आधार मिळाला. तो कागदावर भक्कम आहे, पण समुद्रावर गस्त घालणारे कोणी नसेल तेव्हा त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून सामाईक मालकी चालेल का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण अटींसह. खाजनापुरते सांगायचे तर मानशीची दारे केव्हा मिटायची हे ठरवण्याचे मत त्या वर्षी प्रत्यक्ष पेरणी केलेल्या शेतकऱ्यांकडे असावे. पावणीच्या रकमेतून बांधाचा वाटा आधी वेगळा काढावा व तो काढल्याशिवाय वाटणी होऊ नये. पावणीची मुदत इतकी असावी की घेणाऱ्याला पुढच्या हंगामाची मासळीही आपली वाटावी, आणि त्याची अनामत बांधाची पाहणी झाल्यावरच परत मिळावी. संघटनेच्या यादीत जमीन कसणाऱ्या बायकांची नावे असावीत. यासाठी मालक बदलण्याची गरज नाही. २०२३ साली राज्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि तो मला हवासा वाटतो. पण तो विक्री थांबवतो, पडीक ठेवणे थांबवत नाही, आणि फुटलेल्या बांधाला माती कोणी लावायची याचे उत्तर त्याने अजून कोणाकडूनही मागितलेले नाही.