फ्रान्समधल्या लहान गावातलं एकच चर्च बघायचं असेल, तर कोणतं?

पॅरिसची मोठी चर्चं बघून झालीत आणि आता आडगावातलं एखादं हवंय, असं तुम्ही म्हणता. डोळे झाकून कोंकला जा.

दक्षिण फ्रान्समधल्या रोदेझ शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर हे गाव आहे. वस्ती एवढीशी आणि चर्च मात्र शहराला शोभेल असं. कारण फ्रान्समधल्या ल प्यूईहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थस्थानी पायी निघालेले यात्रेकरू मध्ययुगापासून इथे मुक्काम करायचे, सेंत फ्वा या संतिणीच्या दर्शनासाठी. ही आझाँ गावची कोवळी मुलगी, रोमन अमलात धर्मापायी मारली गेलेली. नवव्या शतकात कोंकच्या एका मठवासीयाने तिच्या अस्थी आझाँहून चक्क चोरून आणल्या. मठाने ही चोरी लपवली नाही, उलट कौतुकाने लिहून ठेवली!

तिची मूर्ती बाजूच्या खजिन्यात आहे. आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, अंगभर भक्तांनी वाहिलेली रत्नं. चेहरा मात्र मुलीचा वाटतच नाही. ते रोमन काळातलं जुनं मस्तक आहे, देवीला मुखवटा चढवावा तसं बसवलेलं. अकराव्या शतकात बर्नार नावाचा विद्वान इथे आला, आधी ‘ही तर मूर्तिपूजा’ म्हणून हसला आणि पुढे तिचेच चमत्कार लिहीत बसला. फ्रेंच राज्यक्रांतीत सोनंनाणं जप्त होत होतं, तेव्हा गावकऱ्यांनी हा खजिना आपापल्या घरी लपवला आणि नंतर परतही केला. मला या गावाचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

पश्चिमेच्या दारावरचं शिल्प घाईत बघू नका. बाराव्या शतकातला अंतिम न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी पुण्यवान आणि पापी यांचा निवाडा होतो तो प्रसंग, शंभरावर आकृत्या. आत्म्यांचं वजन होतंय आणि सैतान हळूच बोट लावून पारडं दाबतोय. कंजूष माणूस गळ्यात थैली अडकवून फासावर लटकलाय. कमानीच्या कडेला दगडी पट्टीआडून छोटी डोकी नुसती डोकावतायत. निळ्या-लाल रंगाचे अंश अजून दिसतात.

आतल्या १०४ खिडक्या चित्रकार पिएर सुलाजच्या, १९९४ साली पूर्ण झालेल्या. रंगीत काच नाही, चित्रं नाहीत. दुधी काच आणि काळ्या रेघा. काहींना त्या रुक्ष वाटतात. मला आवडल्या, दगडाचा रंग त्यांच्यामुळेच कळतो.

शक्यतो रात्री राहा. दिवसभराच्या सहलीवाले संध्याकाळी निघून जातात. गाडी गावाबाहेर लावावी लागते आणि गल्ल्या चढाच्या आहेत, बरोबर वयस्कर कोणी असेल तर आधीच सांगून ठेवा.