पॉरिज आणि ओटमील यांत नेमका फरक काय?

कुठलंही धान्य पाण्यात किंवा दुधात मऊ शिजवलं की पॉरिज. त्या हिशेबाने गव्हाचा दलियाही पॉरिजच. ओटमील मात्र फक्त ओट्सचं.

गोंधळ होतो तो देशांमुळे. अमेरिकेत शिजवलेल्या ओट्सलाही ओटमील म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ओटमील म्हणजे दळलेले कच्चे ओट्स, साधारण रव्यासारखे. ते पाणी-मीठ घालून, स्पर्टल नावाच्या लाकडी दांड्याने ढवळत शिजवले की पॉरिज. तिथल्या कारब्रिज गावात पॉरिजची जागतिक स्पर्धा भरते, आणि बक्षीस काय, तर सोनेरी स्पर्टल!

आपल्याकडे पाकिटात बहुतेक रोल्ड ओट्स मिळतात, वाफवून चपटे केलेले, म्हणून पटकन शिजतात. ब्रिटिश रेसिपीत ‘मीडियम ओटमील’ लिहिलं असेल तर तेच मिक्सरमधून जाडसर फिरवून घ्या, काम भागतं.