डमी नावाचा जोडीदार : जिउ-जित्सूचा एकट्याने सराव

प्रश्न : पुण्यात नोकरीला असताना मी १० महिने ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे मुख्यतः जमिनीवर पकडी आणि पेच टाकून खेळायची झुंज, शिकलो. आता बदली होऊन कराडला आलो असून येथे या खेळाचा वर्ग मला सापडलेला नाही. गच्चीवरच्या खोलीत मॅट अंथरून, माणसाच्या आकाराची डमी घेऊन रोज तासभर सराव करावा, असे मनात आहे. वर्गातील एका मित्राच्या मते मात्र डमीवरची मेहनत वाया जाते आणि वर वाईट सवयी लागतात. आपले मत काय? डमी घेतलीच, तर तयार घ्यावी की शिवून घ्यावी, आणि तिच्यात काय भरावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : डमी अवश्य घ्या, मात्र तिला प्रतिस्पर्धी समजू नका. आपल्या मित्राची भीती निराधार नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली, तेव्हा साचेबंद सरावापेक्षा त्यांनी ‘रांदोरी’वर, म्हणजे दोघांनी मोकळेपणाने झुंजण्यावर, भर दिला. त्याच कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे कार्लोस ग्रेसी यांना त्यांच्याकडून ही विद्या मिळाली. हा वारसा विरोध करणाऱ्या जिवंत माणसावर उभा आहे. डमी ओढली तर येते, ढकलली तर जाते. ती हात आखडून घेत नाही, की आपला तोल ढळल्याबरोबर कमरेतून उसळी मारून आपल्याला उलथवत नाही. त्यामुळे डाव कधी टाकायचा, हे तिच्यावर शिकता येणार नाही.

परंतु डावात समोरच्याचा जसा वाटा असतो, तसा आपल्या स्वतःच्या कमरेचा, गुडघ्यांचा आणि वजनाचाही असतो, आणि हा वाटा डमीवर उत्तम घोटून घेता येतो. साइड कंट्रोलचेच, म्हणजे उताण्या प्रतिस्पर्ध्याला बाजूने छातीखाली दाबून धरण्याचेच, पाहा. डमी उताणी ठेवून तिच्यावर छातीला छाती आडवी टेकवा, गुडघे मॅटवरून उचला आणि पायांच्या बोटांवर जोर देऊन सारे वजन छातीतून खाली जाऊ द्या. आता छाती न उचलता तिच्या डोक्याकडून दुसऱ्या बाजूला सरका. सरकताना तळहात मॅटला टेकले, तर वजन डमीवर नसून आपल्या हातांवर आहे, असे समजावे. वर्गात ही चूक लपून जाते, कारण नवखा जोडीदार अनेकदा तशाही स्थितीत दबून राहतो. साइड कंट्रोल, मग पोटावर गुडघा, मग माउंट (दोन्ही बाजूंना पाय टाकून वर बसणे) आणि पुन्हा मागे, अशी साखळी दोन्ही बाजूंनी ३ मिनिटे न थांबता करा आणि १ मिनिट विसावा घ्या. अशा ५ फेऱ्या झाल्या की अंगाला घाम आणि मनाला शिस्त, दोन्ही येतात.

आर्मबारच्या, म्हणजे कोपर उलटे ताणण्याच्या डावाच्या, बाबतीत मात्र हात आवरता घ्यावा. डमीचा हात म्हणजे भरलेली नळी. तिला खरे कोपर नसते आणि ती वाटेल तिकडे वळते. म्हणून माउंटवरून फिरून बसेपर्यंतच सराव करावा. गुडघे जुळले आहेत का, डमीचे कोपर आपल्या जांघेच्या अलीकडे, पोटाच्या बाजूला आले आहे का, एवढे पाहून थांबावे. हिसका देऊन डाव ‘पूर्ण’ करण्याची सवय लागली, तर पुढे खऱ्या जोडीदाराला टॅप करायलाही, म्हणजे थाप मारून हार मानायलाही, वेळ मिळणार नाही. माझ्या मते आपल्या मित्राने ज्या वाईट सवयींचा उल्लेख केला, त्यांतली सर्वांत घातक सवय हीच. ट्रँगलमध्येही, म्हणजे पायांच्या कात्रीत मान आणि एक हात आवळण्याच्या डावातही, नवशिके एका पायाचे पाऊल दुसऱ्या पायाच्या चवड्यावर अडकवून आवळतात आणि घोटा दुखावून घेतात. स्वतःची नडगी हाताने धरून, घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या लवणीत नीट बसवण्याचा सराव डमीवर शंभर वेळा केला तरी ती कंटाळत नाही.

निर्जीव जोडीदाराची कल्पना काही नवी नाही. ज्यांच्या नावाने ‘किमुरा’ हा हातपेच ओळखला जातो आणि ज्यांनी १९५१ मध्ये रिओ दि जानेरोत कार्लोस यांचे भाऊ हेलिओ ग्रेसी यांना त्याच पेचात हरवले, ते जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा झाडाशी भिडून ओसोतो-गारी या फेकीचा सराव करीत. आपल्याकडचा मल्लखांब तर नावातच मल्लाचा खांब आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. एरंडेल लावलेल्या खांबाला मिठी आणि पायांची अढी घालताना पकड व चपळाई मिळवायची आणि कुस्ती मात्र हौद्यात माणसाशीच खेळायची, ही वाटणी जुन्या वस्तादांना पक्की ठाऊक होती.

यावरूनच एक आगंतुक सल्ला देतो. आपण कराडला आहात. तालमीसाठी दूर जावे लागणार नाही. आठवड्यातून दोन दिवस वस्तादांची परवानगी घेऊन लाल मातीत उतरा. पट काढणे, ताबा घेणे आणि वरच्याचे वजन अंगावर झेलणे तेथे जसे कळेल, तसे कोणतीही डमी शिकवणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, म्हणून पैलवान खाली सापडला की पोटावर वळतो. जिउ-जित्सूत मात्र तसे वळणे म्हणजे गळा प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणे होय. उलट, पाठीवर पडून पायांनी लढण्याचा जो गार्ड, तो तालमीत आपल्याला कोणी खेळू देणार नाही. तेवढा भाग महिन्यातून एकदा पुण्याच्या वर्गात जाऊन खऱ्या जोडीदारावर तपासून घ्यावा.

आता भरावाविषयी. माझी पहिली डमी मी हौसेने वाळूने भरली आणि ती हलवताना आठवडाभर कंबर धरून बसलो. हिशेब साधा होता, तो मी आधी केला नाही, एवढेच. माणसाचे शरीर लिटरमागे साधारण १ किलो भरते, तर कोरडी वाळू दीड किलोच्या वर जाते. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या आकाराची पिशवी वाळूने भरली, तर ती १०० किलोंच्या पुढे जाणार. शिवाय वाळू खाली बसते आणि शिवण फाडते. जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून भराव्यात. ३० ते ४० किलो वजन आपल्या कामाला पुरेसे आहे. बटणे आणि चेन आधी कापून टाकाव्यात, नाहीतर त्या आतून टोचतात. हात पुढे केलेली, गुडघ्यांवर बसणारी डमी तयार मिळाली तर तीच घ्यावी, कारण गार्डच्या सरावाला ती सोयीची पडते. सरळ आकाराची डमी मात्र ताडपत्री शिवणारा कारागीरही जाड कॅनव्हासची करून देईल. सांधे दुहेरी शिवून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : माझा १२ वर्षांचा मुलगा ज्युदो शिकतो. त्याला घरी डमी आणून द्यावी का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : द्यायला हरकत नाही, मात्र ती त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जड नसावी आणि फेकीचा सराव जाड मॅटवरच व्हावा. ठाण्यात वर्ग उपलब्ध असताना डमीसाठी वर्ग बुडवू देऊ नये. चिंध्या पावसाळ्यात दमट होऊन कुबट वास मारतात, तेव्हा पाऊस सरला की डमी उघडून आतल्या चिंध्यांना दोन दिवस कडक ऊन दाखवावे.