जुना संगणक थेट प्लगला लावू नका
(सदर : वाचक विचारतात)

प्रश्न : आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत ‘युनिकॉर्न’ नाव असलेला जुना संगणक सापडला. क्रीम रंगाची पेटी आणि कीबोर्डच्या वर लालसर बटणांची एक ओळ. भंगारवाल्याकडे जायच्या आत घरी आणलाय. अजून चालू केलेला नाही. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : चालू केला नाहीत, निम्मं काम तिथेच झालं. हे यंत्र म्हणजे ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. परवान्यावर ते मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने बनवलं. १९८४ मध्ये सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांत पोचले. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालतो आणि मेमरी ३२ केबी आहे.

धोका प्रोसेसरला नाही, पॉवर सप्लायला आहे. त्यात मेनच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, वाटेवर ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. पारदर्शक पिवळट कवचाचे, आत कागद असलेले. चाळीस वर्षांत कवचाला केसासारख्या चिरा पडतात आणि कागद दमट होतो. मग २३० व्होल्ट मिळाले की पाच-दहा मिनिटं सगळं सुरळीत दिसतं आणि एकदम फाट्! घरभर उग्र वासाचा धूर. गंमत म्हणजे यंत्र बहुतेक वेळा चालूच राहतं, कारण हे कपॅसिटर फक्त विजेतला गोंगाट गाळतात. पण आतल्या बाजूला चिकटलेली काजळी काढताना नाकी नऊ येतात. म्हणून ते फुटायची वाट न बघता आधीच बदलायचे.

पेटीचे चार स्क्रू काढा, दोन मागे आणि दोन तळाला; त्यांच्याशेजारी ‘फिक्स’ असं लिहिलेलं असतं. सप्लायपासून बोर्डाकडे जाणाऱ्या तारांचा फोटो आधी काढा आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव द्या. साधारणपणे तीन लाल +५ व्होल्टच्या, तीन काळ्या शून्याच्या आणि एक जांभळी –५ ची असते. लाल-काळीची अदलाबदल झाली तर बोर्डावरच्या आयसी (चिप) एका क्षणात जातात. सप्लायचा डबा तळाच्या तीन स्क्रूंवर बसवलेला असतो.

डबा उघडल्यावर लगेच बोट घालू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० गुणिले १.४१, म्हणजे सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो. दोन्ही टोकांवर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी पंधरा-वीस सेकंद धरा आणि मग मीटरने शून्य बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय सोडा.

नवा कपॅसिटर ‘एक्स२’ वर्गाचा, पॉलीप्रॉपिलीनचा, २७५ व्होल्ट एसीचा हवा. काउंटरवर ‘चारशे व्होल्टचा आहे, चालतो की’ म्हणतील. ते चारशे डीसीचे. मेनवरचे झटके सोसून पेट न घेण्याची हमी फक्त एक्स वर्गात असते. इथे टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात विचारा, नाही तर विजेच्या सामानाची पुण्याची तापकीर गल्ली आहेच. पायांमधलं अंतर मोजून न्या. जुळलं नाही तर पाय वाकवून त्यांवर स्लीव्ह चढवा.

आता चाचणी, पण सप्लाय बोर्डाला न जोडता. +५ आणि शून्य यांच्यामध्ये ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा. साधारण एक अँपिअर खेचला जाईल आणि रेझिस्टर चटका बसण्याइतका तापेल. प्लास्टिकवर ठेवू नका. मेनच्या वाटेत ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये घाला (एलईडी नव्हे). बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. बल्ब मंदावला असेल तर तो काढून सप्लाय थेट मेनला जोडा आणि +५ व शून्य यांच्यामध्ये मीटर लावा. ४.९ ते ५.१ मध्ये आकडा हवा. ५.२५ च्या वर गेला तर बोर्डाला जोडायचंच नाही.

सगळं जोडल्यावर कान द्या. आधी खालच्या पट्टीतला आवाज आणि लगेच वरचा ‘बीप’ आला तर यंत्र जागं झालं. खालचा आवाजच चालू राहिला तर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होत नाहीये. अशा वेळी बंद करून सॉकेटमधल्या आयसी दोन्ही टोकांकडून आळीपाळीने जरा उचलून परत दाबा. पायांवरचा काळा थर घासला जाऊन बरीच यंत्रं एवढ्यानेच बोलू लागतात. पडद्यावर ‘लँग्वेज?’ आलं तर बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची चिप (रॉम) नीट बसलेली नाही. ३२के ऐवजी १६के दिसलं तर निम्मी मेमरी गायब आहे, तिथल्या आयसी तपासा.

टीव्हीसाठी मागच्या बीएनसी सॉकेटपासून पिवळ्या एव्ही पिनेपर्यंत वायर करून घ्या. चित्र काळं-पांढरं येईल. त्याला दोष समजू नका.

प्रश्न : त्याच काळातल्या प्रोग्रॅमच्या कॅसेट आहेत. लोड होत नाहीत. कॅसेट गेल्या का?
– वाचक, सात रस्ता

उत्तर : बहुधा कॅसेट शाबूत आहेत आणि प्लेअर गेलाय. या यंत्राच्या टेपवर शून्य म्हणजे १२०० हर्ट्झचं एक आवर्तन आणि एक म्हणजे २४०० हर्ट्झची दोन. प्लेअरचा बेल्ट सैल झाला की वेग डळमळतो आणि हा हिशेबच चुकतो. आधी बेल्ट बदला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, चिकटलेली टेप सुटते. मग हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू चालू टेपवर थोडा-थोडा फिरवा. आवाज सर्वांत तीक्ष्ण होईल तिथे थांबा. त्यानंतर लॅपटॉपवर मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही स्वरूपात रेकॉर्डिंग करून ठेवा. एमपीथ्री नको.

प्रश्न : घराशेजारी यंत्रमाग आहेत. उघड्या यंत्रावर रोज सुताची लव बसते. काही बिघडतं का?
– वाचिका, पूर्व भाग

उत्तर : कोरडी लव वीज वाहत नाही, पण सप्लायच्या जाळ्या बुजवते आणि पावसाळ्यात ओल धरते. रुंद मऊ ब्रश आणि हातपंप पुरे. ब्लोअर मारलात तर लव सॉकेटच्या खाचांत जाऊन बसते. यंत्रावर सुती चादर टाका, चालू करताना मात्र आठवणीने काढा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत नायलॉन-पॉलिएस्टरच्या कपड्यांवर स्थिर वीज साठते, म्हणून ते घालून आयसीला हात लावू नये.

प्रश्न : पिवळी पडलेली पेटी पुन्हा मूळ रंगावर येते का?
– विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : येते, पण कायमची नाही. काही वर्षांत पुन्हा पिवळी पडू शकते. ब्युटी पार्लरच्या सामानात ‘४० व्हॉल्यूम’ डेव्हलपर क्रीम मिळतं. ते म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. पेटी पूर्ण रिकामी करून, नावाची पट्टी काढून, क्रीम सारखं पसरा, वर पारदर्शक फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर तासाला फिरवा. जिथे क्रीम वाळेल तिथे पांढरे पट्टे उठतात आणि ते मग निघत नाहीत. सोलापूरचं एप्रिलचं दुपारचं ऊन या कामाला जास्तच आहे: क्रीम वाळतं, आणि पेटीवर वजन असेल तर ती वाकते. सकाळी आठ ते अकरा पुरे. हातमोजे आणि चष्मा हवाच. आमचं मत विचाराल तर पिवळेपणा राहू द्यावा.

प्रश्न : मोबाइलवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं ॲप) असताना एवढा खटाटोप कशाला, असं मुलगा म्हणतो.
– वाचक, होटगी रोड

उत्तर : बेसिक शिकायला एम्युलेटरच बरा, मुलाचं बरोबर आहे. पण त्याला एकदा लॉजिक प्रोब (पिनेवर दाब आहे की नाही ते दिव्याने दाखवणारी कांडी) हातात देऊन ६५०२ च्या ४० नंबरच्या पिनेवर धरायला सांगा. ती रिसेटची पिन. ब्रेकचं बटण दाबलं की दिवा ‘लो’ आणि सोडलं की ‘हाय’. मग ३७ वर धरायला लावा, तिथे प्रोसेसरला चालवणारे २ मेगाहर्ट्झचे ठोके (क्लॉक) येतात. प्रोबची काळी क्लिप १ नंबरच्या पिनेला आणि लाल ८ नंबरला. प्रोब शेजारच्या पिनेला टेकू नये म्हणून टोकाला इन्सुलेशनची नळी चढवून द्या.