पंखे दोन, ट्यूबलाइट चार, तुतीचं झाड एक

मी मुलांच्या मनाचं काम करते. फेब्रुवारी सरत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बाई वेगळी असते, गाव वेगळं असतं, शब्द मात्र तेच. "मॅडम, ह्यांची बदली झालीय. मुलाचं काही बिघडणार नाही ना?"

पुण्यात हे होणारच. लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय इथं, खडकीला बॉम्बे सॅपर्स ही लष्करी इंजिनिअरांची तुकडी, दापोडीला त्यांचं कॉलेज सीएमई, वानवडीला लष्कराचं वैद्यकीय कॉलेज एएफएमसी. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका घेऊन कुटुंबं येतात आणि तशीच निघून जातात. माझ्याकडे येतात त्यांत साताऱ्या-कोल्हापूरकडची बरीच. तिकडं घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. अपशिंग्याचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. पण माहेरी-सासरी दोन्हीकडे फौज असली म्हणून बदली सोपी जाते, असं मला कधी दिसलं नाही.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचं उत्तर देताना मला एकच घर आठवतं. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलाला आपण सोनू म्हणू.

सोनू नऊ वर्षांचा, चौथीत. वडील हवालदार. जूनमध्ये जालंधर छावणीतून पुण्याला आले आणि माझ्याकडे आले जानेवारीत. क्वार्टरची यादी लांब होती, म्हणून विश्रांतवाडीकडे भाड्याने राहत होते. मुलगा शाळेत जातो, अभ्यास करतो, जेवतो. फक्त बोलत नाही. संध्याकाळी खाली खेळायला जात नाही.

"आणि मॅडम, आता तर आपल्या माणसांत आलोय," आई म्हणाली. "सगळे म्हणतात, नशीबवान, घराजवळ पोस्टिंग मिळाली. गाव तीन तासांवर. मग ह्याला झालं काय?"

शाळेचा प्रश्न नव्हता. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात, तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तकं. बदलीवाल्यांच्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. अडचण संध्याकाळची होती. सोनूची हिंदी पंजाबी वळणाची आणि मराठी घरातली, साताऱ्याची. पहिल्याच आठवड्यात खालच्या पोरांनी पाणी दिलं तेव्हा तो "नगं" म्हणाला. पोरं हसली. मला वाटलं, सापडलं.

इथं माझी चूक कबूल करते. दोन भेटी मी त्याला मित्र करायला शिकवण्यात घालवल्या. फुटबॉल घेऊन खाली जा, दोघांची नावं विचार, वगैरे. सोनूने सगळं केलं आणि पुढच्या भेटीत ताठ बसून रिपोर्ट दिला. "येस मॅम. दो बच्चों से बात की. एक का नाम आर्यन, एक का नाम साहिल." झालं, काम फत्ते. त्यानंतर तो परत खाली गेला नाही. मी दिलेला हुकूम त्याने पाळला होता, एवढंच.

तिसऱ्या भेटीत मी काही शिकवायचं नाही असं ठरवलं. माझ्या टेबलावर रेल्वेचं जुनं वेळापत्रक पडलेलं होतं. त्याने ते उचललं आणि न उघडताच म्हणाला, "झेलम का मुझे पूरा आता है." आणि सुरू झाला. पुणे, दौंड, अहमदनगर, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, दिल्ली, पानिपत, अंबाला, लुधियाना, जालंधर कँट. सात महिने ज्याच्या तोंडून चार शब्द निघत नव्हते, तो एका दमात पंजाबात जाऊन पोचला. दिशाही बघा. आला त्या दिशेने म्हणत नव्हता, परत जायच्या दिशेने म्हणत होता.

"इथल्या घरात तुझी आवडती जागा कुठली?" मी विचारलं.

"ट्रंक पे."

"आत काय आहे?"

त्याने बोटं मोडत सांगितलं. लाल रजई. बडा कुकर. पतंगाची चरखी. मम्मीची शिलाई मशीन, "छोटी वाली". भिंतीवरचं घड्याळ.

"मग काढत का नाही?"

"मम्मी म्हणते, खोल के क्या करना. फिर भरना ही है."

आई शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. सोनूला विचारलं, "आणि मित्र?"

त्याने खांदे उडवले. "वही. बना के क्या करना."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आई हळूच म्हणाली, "ते मी भांड्यांबद्दल म्हटलं होतं, मॅडम."

एवढी वर्षं हे काम करते, पण असं वाक्य ऐकलं की अजून अंगावर काटा येतो. मुलाने आईचं ऐकलं होतं. फारच नीट ऐकलं होतं.

पुढच्या दोन भेटी मी सोनूला बोलावलंच नाही, आईला एकटीला बोलावलं. घरच्यांना हे पटत नाही. दुखणं मुलाचं आणि औषध आईला कशाला? माझं मत मी लपवत नाही. मूल हे घरातलं सगळ्यात प्रामाणिक माणूस असतं. मोठ्यांनी गिळलेलं ते ओकतं.

लग्नाला अकरा वर्षं, हे सहावं घर. मधली दोन वर्षं ह्यांची फील्ड पोस्टिंग होती, तेव्हा ती एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे नवरा दूर असलेल्या कुटुंबांसाठीच्या सरकारी घरात, सोनूला घेऊन एकटी राहिलेली. सगळ्या घरांतलं जालंधर तिला मानवलं. शेजारीण गढवालची, दोघी एका दिवशी स्कूटी शिकायला लागल्या. चार बायकांचे ब्लाउज शिवायला यायचे. मग ऑर्डर आली आणि वीस दिवसांत निघाले.

"शेवटच्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

शेवटच्या दिवशी क्वार्टरचं मार्चिंग-आऊट होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी घर सोडताना एमईएसचा, म्हणजे लष्कराची घरं-इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस यादी घेऊन येतो आणि एकेक वस्तू मोजतो. पंखे दोन. ट्यूबलाइट चार. वॉश बेसिन एक. खिडकीची काच फुटलेली असेल तर पैसे भरा. मग सही. ही बाई त्याच्यामागून खोली खोली फिरत होती आणि बाहेर गढवालची मैत्रीण डब्यात पराठे घेऊन उभी होती. यादी संपेपर्यंत मैत्रिणीच्या मुलांची शाळेची बस आली आणि ती गेली. पराठे झेलममध्ये खाल्ले.

"रडला नाहीत?"

"कशाला? घराजवळ चाललो होतो ना."

तिथं मला उमगलं. फौजेत प्रत्येक वस्तू सोपवायची रीत आहे. बल्ब मोजून दिला जातो, मोजून परत घेतला जातो. माणसं, झाडं, सवयी यांची मोजदाद कोणी करत नाही, कारण त्या कोणाला परत द्यायच्या नसतात. त्यातही बदली 'चांगल्या' जागी झाली असेल तर हळहळायचा हक्कसुद्धा जातो. लडाखला निघालेल्याच्या बायकोला लोक धीर देतात. पुण्याला निघालेलीला पेढे मागतात.

माझा ओढा विनिकॉटकडे आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना पाठ झालंय. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने शहरांतून हलवलेल्या इंग्लिश मुलांसोबत या बालरोगतज्ज्ञाने ऑक्सफर्डशायरमध्ये काम केलं. मूल ज्या मळक्या फडक्याला धरून झोपतं ते आईने धुतलं तरी मुलाचा एक धागा तुटतो, असं तो सांगायचा. या घरातली सगळी फडकी ट्रंकेत कुलूपबंद होती, स्वच्छ, डांबरगोळ्या घालून.

मी तिला म्हटलं, "जालंधरचं मार्चिंग-आऊट राहिलंय. ते करून टाका. तशीच यादी करा, रकाने आखून. सोनूला सोबत घ्या." तक्ते भरून घेणाऱ्या सहकाऱ्यांना मी आजवर बरंच चिडवलंय. शेवटी मीही तक्ताच भरायला दिला.

पुढच्या रविवारी तिघंही आले. पहिल्यांदाच वडील आले होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. सोनूच्या हातात वहीचा कागद. वस्तू, नग, हालत असे तीन रकाने. त्याने उभं राहून वाचलं.

कुंपणाजवळचं तुतीचं झाड, एक, चालू. आंटीचे पराठे, रोज, चालू. धुक्यातला क्रिकेट, बॉल दिसत नाही, हालत खराब. मम्मीची स्कूटी, अर्धी शिकलेली. करण, एक. करणच्या पुढची हालत त्याने रिकामी सोडली होती.

वडील इतका वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. त्यांनी कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि शेवटी एक ओळ लिहिली. सोनूने वाचली, "मागच्या क्वार्टरचा कुत्रा, भुंकणं पहाटे चार वाजता, रोज. चालू." सोनू हसला. आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. ती रडू लागली तसा सोनूही. वडिलांनी कागदाखाली सही केली, तारीख टाकली आणि मुलाला म्हणाले, "आता तू कर. टेकन ओव्हर."

मी काही बोलले नाही. हे सुचलं असतं तर मला फार अभिमान वाटला असता, पण ते त्या माणसाचं होतं. माझ्या वाट्याला रकाने आखणं तेवढं आलं.

त्या रात्री दोन ट्रंका उघडल्या. घड्याळ भिंतीवर गेलं. पुण्याच्या जानेवारीत लाल रजईची काही गरज नव्हती, तरी सोनूने ती घेतली. रिकामी ट्रंक दोन दिवस हॉलमध्येच होती आणि तो तिच्यात बसून गृहपाठ करायचा. ट्रंकेवर वडिलांचा नंबर पांढऱ्या रंगात, पुढे 'हवालदार', आणि त्या रंगाखाली आधीचं 'नाईक' अजून वाचता येतं, असं त्याने मला येऊन सांगितलं. करणला व्हिडिओ कॉल झाला, हालत भरली गेली. महिन्याभराने तो खाली खेळायला जायला लागला. 'नगं' म्हणतोच. आता आर्यनही म्हणतो.

म्हणून बदलीचं विचारायला येणाऱ्यांना मी आधी सामान बांधायचं सांगत नाही. ऑर्डर हातात आली की मुलाला त्याच आठवड्यात सांगा. परीक्षा होऊ दे मग सांगू, असं बरेच बाप करतात. पोराला ते शेजाऱ्याकडून कळतं आणि मग त्याचा तुमच्यावर विश्वास राहत नाही. 'तिकडं यापेक्षा भारी आहे' ही लाच देऊ नका. भारी नसलं तर तुम्ही खोटे, असलं तरी जुनं हलकं पडतं, आणि जुनं त्याचं असतं. सामान पॅकर्सकडे जायच्या आधी निरोपाची एक संध्याकाळ राखून ठेवा, त्या दिवशी कागदपत्रांचं काम काढू नका. टीसी, गुणपत्रक, लसीचं कार्ड यांची फाइल मुलाकडे सोपवा, मोठी मुलं ती जिवापाड जपतात. मुलाची एक वस्तू ट्रंकेत टाकू नका, प्रवासात त्याच्या हातात राहू द्या, मग ती कितीही कळकट असो.

नव्या जागी पोचलात की पहिल्या दिवशी एक तरी खिळा ठोका. घरमालकाची परवानगी घेऊन, अर्थात. बापाने एक दिवस काढून मुलाला कँटीन, एमएच (लष्करी रुग्णालय), बसथांबा आणि मैदान दाखवावं. हे काम आईवर ढकलू नये, तिलाही रस्ते नवेच असतात. आणि आईने शिलाई मशीन आधी बाहेर काढावी, कुकर नंतर.

दहावी-बारावीचं गणित वेगळं. तिथं मुलाला आजी-आजोबांकडे ठेवायचं की आईने मागे राहायचं, हा निर्णय घरागणिक वेगळा होतो आणि माझ्याकडे त्याचा एक साचा नाही. फक्त मुलाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

महिना-दोन महिने मूल गप्प राहिलं तर घाबरू नका. झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, जेवण तुटलं, शाळेच्या वेळी रोज पोट दुखायला लागलं, आणि ते थांबत नसेल, तर एमएचमध्ये दाखवा. टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही चालतो, आणि फौजी कुटुंबांसाठी २०२३ च्या डिसेंबरात एएफएमसीत त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला.

परवा सोनूच्या आईचा फोन आला. क्वार्टर मिळालंय, दिघीकडे. म्हणजे पुन्हा बांधाबांध, या वेळी जेमतेम काही किलोमीटर. विश्रांतवाडीची यादी सोनूने आपणहून सुरू केलीय, आर्यन आणि साहिल त्यात भर घालताहेत. स्कूटी ती आता दळण आणण्यापर्यंत चालवते.

तिसरी ट्रंक अजून बंदच आहे. तिच्यावर गादी घालून सोनू झोपतो. तिच्यात काय आहे ते आईने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.