बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयटीत नेमकं काय धरू: वेब, डेटा की क्लाउड?

तिन्हींपैकी काहीही धरलंत तरी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लागतंच, तेव्हा पहिला दीड महिना त्यालाच द्या. सरावाला पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे. मुलाखतीत हमखास अडकवणारी जागा सांगतो: लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून उजव्याच्या जुळणाऱ्या ओळी जोडणं) लावून उजव्या टेबलची अट व्हेअर या गाळणीच्या भागात टाकली, की जुळणी नसलेल्या ओळी गळून जातात, कारण तिथे नल (म्हणजे किंमतच नाही) असतो आणि नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही. अट जॉइनच्याच ऑन भागात लिहायची.

पुढे वेब बॅकएंड (वेबसाइटची सर्व्हरवर चालणारी बाजू) घ्या, असं माझं मत. डेटा सायन्सला संख्याशास्त्र पक्कं लागतं, आणि लिनक्स-नेटवर्किंग येत नसेल तर क्लाउडचं नुसतं सर्टिफिकेट फारसं चालत नाही. त्यासाठी जावा-स्प्रिंग किंवा पायथन-जँगो यांपैकी एकच जोडी धरा, दोन्ही एकदम नको. प्रोजेक्टही एकच, पण पूर्ण: लॉगिन, डेटाबेस, गिटहबवर नियमित कमिट (कोडमधल्या बदलांची नोंद) आणि सर्व्हरवर चालू. (एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनचं क्लाउड, वापरणार असाल तर बजेट अलर्ट आधी लावा, विसरलेला सर्व्हर बिल वाढवत राहतो.) क्लासचा तयार प्रोजेक्ट दाखवलात, तर 'हा इंडेक्स (डेटाबेसमधला शोध वेगवान करणारी सूची) इथे का?' एवढ्यावरच घाम फुटतो.

आणि हो, बॅकलॉग (राहिलेले विषय) आधी काढा. कॅम्पसला बऱ्याच कंपन्या दहावीपासून 60 टक्के मागतात आणि बॅकलॉग असेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत.