हँडल वळवलं की फ्यूज जातो: वाचकांचे प्रश्न, वायरिंगवाल्याची उत्तरं

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात सगळ्यांना मायलेजची चिंता असते, पावसात लाइटची. या वेळची बहुतेक पत्रं ‘एक्स्ट्रा लाइट बसवल्यापासून’ याच शब्दांनी सुरू होतात. त्यातली एकमेकांपासून वेगळी दुखणी निवडली आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं मीटर) घेऊन ठेवा. एका फॉग लाइटपेक्षा स्वस्त मिळतो आणि दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

प्रश्न: माझी ३५० सीसीची गाडी आहे. कराड-चिपळूण येणं-जाणं असतं. कुंभार्ली घाटात धुकं फार, म्हणून दोन एलईडी फॉग लाइट बसवून घेतले. तेव्हापासून अधूनमधून मेन फ्यूज उडतो आणि गाडीच बंद पडते. तेही फक्त घाटात, बहुधा डाव्या वळणावर. गावात दिवसभर फिरलो तरी काही होत नाही. बसवणाऱ्याने १५ अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा टाकून दिला. आता फ्यूज जात नाही, पण परवा टाकीखालून जळका वास आला. शिवाय फॉग लावले की हेडलाइट पिवळा पडतो. — एक वाचक, कराड

उत्तर: तो ३० चा फ्यूज आधी काढा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता जाऊन काढा.

फ्यूज लाइट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. कंपनीने १५ चा दिला तो मागच्या वायरीची जाडी बघून दिला. त्या जागी ३० चा बसला की सगळ्यात आधी वितळायचा मान फ्यूजकडून वायरीकडे जातो. तुम्हाला आलेला वास तोच. टाकी उतरवा, मेन वायरिंगवरची टेप सोडा आणि कुठे इन्सुलेशन मऊ पडलंय, कडक झालंय किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात ते बोटाने चाचपून बघा. तसं काही सापडलं तर तेवढा तुकडा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. टाकीत पेट्रोल असतं, हे मी सांगायला नको.

आता मूळ दुखणं. तुम्ही दिलेला सगळ्यात मोलाचा धागा म्हणजे ‘गावात काही होत नाही’. हँडल गावातही वळतं. गाडी लावताना तर घाटातल्यापेक्षा जास्त वळतं. पण गावात तुम्ही फॉग लावत नाही. म्हणजे खराबी फॉगच्या स्विचच्या पुढच्या वायरीत आहे. स्विच बंद असताना तिच्यात करंटच नसतो, मग ती बॉडीला टेकली तरी फ्यूजला कळणार कसं? खराबी स्विचच्या मागे असती तर किल्ली चालू असताना पार्किंगमध्येही फ्यूज गेला असता. अर्धी गाडी तपासायची मेहनत वाचली.

नेमकी जागा शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. ब्रेक लाइटचा २१ वॉटचा जुना बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा. फॉगची पॉझिटिव्ह वायर जिथे जोडली आहे तिथून सोडवा. बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं त्या सोडवलेल्या वायरीला. दोन्ही फॉगचे कपलर (वायरीचे प्लग) काढून ठेवा आणि फॉगचा स्विच चालू करा. आता करंटला जायला वाटच नाही, त्यामुळे बल्ब पेटायला नको. मग हँडल हळूहळू पूर्ण डावीकडे न्या, पूर्ण उजवीकडे न्या. हँडल सरळ ठेवून हेडलाइटच्या मागची वायरिंग हलवा, टाकीच्या पुढच्या रबराजवळ हात घालून हलवा. जिथे बल्ब भक्कन पेटेल तिथे तांबं बॉडीला टेकतंय. या पद्धतीत बल्बच करंट अडवून धरतो, पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही. कितीही वेळ शोधा, काही जळणार नाही.

माझा अंदाज हँडलच्या मानेवर आहे. बसवणारे नवी वायर मूळ वायरिंगला प्लॅस्टिकच्या टायने आवळून टाकतात, दिसायला फार नीटनेटकी दिसते. पण कंपनीची वायरिंग तिथे मुद्दाम सैल सोडलेली असते, कारण हँडलबरोबर तिला फिरायचं असतं. आवळलेली नवी वायर प्रत्येक वळणाला ताणते आणि फ्रेमच्या कडेवर घासते. टाय लावताना हँडल ज्या बाजूला वळवल्यावर वायर ताणते त्या बाजूला पूर्ण नेऊन मगच लावा.

हेडलाइट पिवळा पडतो त्याचं कारण वेगळं आहे. फॉगची वायर हेडलाइटच्या वायरीलाच जोडलेली दिसते, मेन फ्यूजही त्यामुळेच जातो. तुमचा हेडलाइट ६०/५५ वॉटचा असेल तर तो एकटाच साडेचार-पाच अँपिअर घेतो. प्रत्येकी ४० वॉटचे फॉग खरोखर ४० वॉटचे असतील तर दोघांचे मिळून सहा. (पाकिटावरच्या वॉटवर जाऊ नका. १२० लिहिलेला लाइट मीटरवर २० सुद्धा भरत नाही, असं सर्रास दिसतं.) हा सगळा करंट किल्लीच्या बारीक कॉन्टॅक्टमधून आणि बारीक वायरीतून जातो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीतून दहा अँपिअर नेले तर एक व्होल्ट वायरीतच संपतो.

मोजून बघा. इंजिन चालू, हेडलाइट आणि फॉग दोन्ही चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं हेडलाइटच्या सॉकेटमधल्या पॉझिटिव्हवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. दीड-दोन आला तर तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. हेच मोजमाप निगेटिव्हच्या बाजूनेही करा: बॅटरीचं निगेटिव्ह आणि लाइटचं निगेटिव्ह. ही दुसरी बाजू दहातले नऊ जण मोजत नाहीत. फॉगची अर्थ वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) क्रॅशगार्डच्या बोल्टखाली दाबलेली असते, क्रॅशगार्डवर पावडर कोटिंग असतं आणि मग लाइट बदलून बदलून माणूस दमतो. अर्थ सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, विषय संपला.

दुरुस्तीत चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून घ्या. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीचा पॉझिटिव्ह, मध्ये १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ८७ वरून फॉगला. ८५ अर्थला. ८६ ला किल्लीनंतर येणारा पॉझिटिव्ह, फॉगच्या स्विचमधून. म्हणजे स्विचमधून आणि किल्लीतून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो पाव अँपिअरसुद्धा नसतो. ३० आणि ८७ ची वायर किमान एक चौरस मिलिमीटरची घ्या. उद्या फॉगमध्ये काहीही बिघडलं तरी हा छोटा फ्यूज जाईल, गाडी घाटात बंद पडणार नाही.

आणि फॉगचं तोंड खाली करा. धुक्यात उंच धरलेला पांढरा लाइट स्वतःच्याच डोळ्यांवर परत येतो, समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचं तर विचारूच नका.

प्रश्न: काका, मी फोंड्याला कॉलेजला आहे. बाइकला चारही इंडिकेटर एलईडी बसवले. आता डावा लावला की चारही एकदम लुकलुकतात. उजवा लावला तरी तेच. आधी तर फारच भराभर होत होतं, म्हणून एलईडीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बसवला. भराभर व्हायचं थांबलं, पण चारही पेटायचं काही थांबत नाही. — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर: फ्लॅशर बदललास ते बरोबर केलंस. जुना फ्लॅशर दहा-दहा वॉटच्या बल्बचा लोड धरून चालतो. लोड कमी झाला की त्याला वाटतं एक बल्ब गेला, म्हणून तो घाई करतो. काही जण यावर रेझिस्टर जोडतात. तो चालतो, पण तापून लाल होतो आणि शेजारचं प्लॅस्टिक वितळवतो. एलईडीने वाचवलेली वीज पुन्हा उष्णतेत घालवायची, याला काय अर्थ आहे?

चारही पेटायचं कारण तुझ्या मीटरमध्ये आहे. स्पीडोमीटरवर डाव्या-उजव्या दोघांसाठी मिळून एकच हिरवा दिवा आहे ना? अशा गाड्यांत त्या छोट्या बल्बचं एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरीला असतं, दुसरं उजव्या. त्याला स्वतःची अर्थच नसते. डावा लावला की करंट त्या बल्बमधून उजव्या बाजूच्या इंडिकेटरमधून अर्थला जातो. तिथे दहा वॉटचे फिलामेंटचे बल्ब होते तोवर एवढ्याशा करंटने ते पेटत नव्हते. एलईडीला तेवढा करंट पुरून उरतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १एन४००७ नावाचे दोन डायोड आण. चहाच्या पैशात येतात. हिरव्या बल्बच्या सॉकेटपासून दोन्ही वायरी सोडव. डाव्या वायरीला एक डायोड, उजव्या वायरीला एक. डायोडवर ज्या टोकाला चंदेरी पट्टा असतो ती दोन्ही टोकं एकत्र करून बल्बच्या एका बाजूला जोड. बल्बची दुसरी बाजू अर्थला. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे डाव्याचा करंट उजवीकडे शिरत नाही. पट्टा उलटा लागला तर हिरवा दिवा पेटणार नाही, बाकी काही बिघडत नाही. सांध्यांवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढव. काळी टेप तुमच्याकडच्या पावसात पहिल्याच महिन्यात सुटते आणि आत हिरवा गंज चढतो.

प्रश्न: माझ्याकडे जुनी १०० सीसीची गाडी आहे. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकला. गाडी उभी असताना तो थरथरतो, रेस केली की नीट होतो. असे दोन बल्ब जळाले. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. — एक वाचक, पाथर्डी

उत्तर: बॅटरीचा काही संबंध नाही. स्प्लेंडरच्या वर्गातल्या जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नव्हता. इंजिनमधल्या कॉइलचा एसी (सतत दिशा बदलणारा) करंट रेग्युलेटरमधून सरळ ३५ वॉटच्या बल्बला जायचा. म्हणून तर रेस दिली की उजेड वाढायचा. फिलामेंट एसीवर आनंदाने जळते. डीसीसाठी, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या करंटसाठी बनवलेला एलईडी प्रत्येक फेऱ्यात पेटतो-विझतो, आणि रेसमध्ये येणाऱ्या चढउताराने त्याच्या आतलं सर्किट मरतं.

खात्री करून घ्या. इंजिन चालू ठेवून हेडलाइटची वायर आणि अर्थ यांच्यात आधी डीसीवर मोजा, मग एसीवर. डीसीवर बारा-चौदा स्थिर दिसलं तर गाडी डीसी आहे. डीसीवर शून्याच्या आसपास किंवा वेडावाकडा आकडा आणि एसीवर भरपूर दिसलं तर एसी. दोन्ही मोजा म्हणतो कारण स्वस्त मीटर एसीच्या खुणेवर डीसीचाही भलताच आकडा दाखवतात.

एसी निघाला तर पाकिटावर एसी-डीसी दोन्ही चालेल असं लिहिलेला बल्ब घ्या, किंवा सरळ चांगला हॅलोजन टाका आणि काचेमागचा रिफ्लेक्टर बघा. जुन्या गाड्यांत तो काळवंडलेला असतो आणि दोष बल्बला मिळतो. हेडलाइट बॅटरीवर वळवा असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. तुमच्या गाडीची चार्जिंगची बाजू तेवढी दमदार नाही, हिवाळ्यात किक मारत बसाल.

प्रश्न: बीएस सहा गाडी, फॉग लाइट रिलेसकट बसवलेत. तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी खलास. स्टार्ट झाली तर एबीएसचा दिवा पेटतो. शोरूमवाले म्हणतात बाहेरचं वायरिंग आहे, आम्ही हात लावणार नाही. — एक वाचक, नांदेड

उत्तर: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा रिले सकाळी किल्ली न लावता हाताने चाचपा. कोमट लागला तर चोर सापडला.

झालं असं असणार: बसवणाऱ्याने ८६ नंबरला सरळ बॅटरीचा पॉझिटिव्ह दिला आणि स्विच ८७ च्या पुढे, लाइटच्या वायरीत टाकला. लाइट बंद होतात, पण रिलेची कॉइल चोवीस तास ओढत राहते. ०.१५ अँपिअर धरला तरी दिवसाला साडेतीन अँपिअर-तास गेले. पाच अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसही काढणार नाही. ८६ चा करंट किल्लीनंतरच्या वायरीवरून घ्या, स्विच त्याच वायरीत आणा.

रिले गार निघाला तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून मीटर १० अँपिअरच्या खुणेवर मध्ये जोडा. किल्ली बंदच ठेवा, सेल्फ मारला तर मीटर जाईल. काही मिलिअँपिअर दिसणं ठीक. ०.१-०.२ अँपिअर दिसला तर नंतर बसवलेली एकेक गोष्ट सोडवत जा, मोबाइलचा चार्जर आधी. एबीएसचा दिवा बहुधा बॅटरी उतरल्यामुळे लागतोय. बॅटरी भरून थोडी गाडी चालवल्यावरही गेला नाही, तर मात्र नवी वायरिंग काढून शोरूमला न्या. आणि किल्लीनंतरचा करंट शोधताना इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या वायरी सोलू नका. मागच्या टेललाइटची वायर त्या कामाला पुरते.

प्रश्न: ६०/५५ च्या जागी १००/९० वॉटचा हेडलाइट बल्ब टाकला तर चालेल का? — एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: नाही. आठ अँपिअर घेतो, सॉकेट वितळतं आणि मग पुढच्या अंकात तुमचं पत्र पहिल्या प्रश्नात छापावं लागेल.